आयटीआयची मुले कारखान्यात अडखळतात कुठे?

वाचकांचे प्रश्न

आयटीआय आणि तंत्रनिकेतनांमधील शिक्षक, पालक व प्रशिक्षणार्थी यांच्याकडून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. सहाही पत्रांत हाताच्या कौशल्याविषयी तक्रार नाही. प्रश्न आहे तो कामाच्या ठिकाणी बोलण्याचा, कळवण्याचा आणि जबाबदारी घेण्याचा. पत्रलेखकांची व त्यांच्या संस्थांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी तालुक्याच्या ठिकाणच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक आहे. माझ्या मुलांचा हात चांगला आहे. भरती मेळाव्यात त्यांची निवडही होते. मात्र शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू झाल्यावर दोन-तीन महिन्यांतच कंपनीच्या एचआर विभागातून फोन येतो, की मुलगा काम करतो पण सांगत काही नाही, चूक झाली तर लपवतो, न कळवता गावी निघून जातो. एम्प्लॉयबिलिटी स्किल्सचा, म्हणजे नोकरीसाठी लागणाऱ्या संवाद-वागणुकीच्या कौशल्यांचा, तास आमच्याकडे नियमित होतो, तरी फरक पडत नाही. एखाद्या नामवंत वक्त्याचे व्यक्तिमत्त्व विकासावर व्याख्यान ठेवावे का? — शिल्प निदेशक, सोलापूर जिल्हा

उत्तर : व्याख्यान ठेवू नका. त्या दिवशी मुले टाळ्या वाजवतील, वक्त्यांबरोबर फोटो काढतील आणि दुसऱ्या दिवशी शॉपमध्ये, म्हणजे कार्यशाळेत, पूर्वीसारखीच वागतील.

आपण आधी तासांचा हिशोब पाहू. दोन वर्षांच्या ट्रेडमध्ये पहिल्या वर्षाचे एकूण १२०० तास असतात. त्यांतील ८४० तास प्रात्यक्षिकाचे, २४० तास ट्रेड थिअरीचे आणि १२० तास एम्प्लॉयबिलिटी स्किल्सचे (ईएस) आहेत. दुसऱ्या वर्षी हा शेवटचा आकडा ६० वर येतो. मुलाच्या सवयी घडतात त्या ८४० तासांत, व्हाइसपाशी उभे राहून, आणि आपण त्या दुरुस्त करायला बघतो १२० तासांच्या वर्गात, बाकावर बसवून. ईएसचे शिक्षक कितीही मन लावून शिकवत असले, तरी शॉपमध्ये रोज जे खपते तेच मूल घेऊन बाहेर पडते.

उदाहरण तुमच्याच ट्रेडमधले घेऊ. मेल-फिमेल फिटिंगचा, म्हणजे एक तुकडा दुसऱ्याच्या गाळ्यात नेमका बसवण्याचा, जॉब दिला आहे, ड्रॉइंगवर अधिक-उणे ०.०४ मिलिमीटरची सूट आहे आणि फिमेल पीसचा गाळा मुलाच्या हातून जास्त घासला गेला आहे. गेलेला धातू परत येत नाही. अशा वेळी तो काय करतो, हे तुम्हीही पाहिले असेल : कडेवर हातोडीने हलके ठोके देऊन धातू आत सरकवतो, फट बुजवतो, वरून बारीक कानस फिरवतो, तेलाचा हात लावतो आणि जॉब टेबलावर ठेवून मोकळा होतो. निदेशकांनी जॉब उजेडासमोर धरला की लबाडी उघडी पडते, दोन शब्द सुनावले जातात, गुण कापले जातात आणि प्रकरण तिथेच मिटते. या सगळ्यातून मुलगा इतकेच शिकतो, की फट अधिक सफाईने बुजवायला हवी होती. जो मुलगा जॉब घेऊन आधीच पुढे आला आणि “सर, गाळा मोठा झाला” म्हणाला, त्यालाही तेच दोन शब्द ऐकावे लागतात आणि त्याचेही तेवढेच गुण जातात. मग त्याने पुढे का यावे?

कारखान्यात हाच मुलगा एखाद्या सुट्या भागाच्या लाइनवर उभा राहतो. एक नग बिघडला, तो त्याने चांगल्या नगांच्या ट्रेमध्ये सरकवून दिला. त्याच क्षणी सांगितले असते तर पाच-दहा नग तपासून काम भागले असते. आता दोष जुळणीच्या टप्प्यावर किंवा ग्राहकाकडे सापडतो आणि मग सबंध लॉट थांबवून तपासावा लागतो. एचआरच्या फोनमागे बहुधा अशीच एखादी घटना असते, फक्त ते ती सविस्तर सांगत नाहीत.

म्हणून पहिला बदल गुण देण्याच्या पद्धतीत करा. जॉब तपासायला येण्यापूर्वी जो स्वतः चूक सांगेल, त्याचे मापाचे गुण जातील, पण सांगण्याचे गुण मिळतील, असे वर्षाच्या आरंभीच जाहीर करा आणि ते पाळा. चूक सांगणाऱ्याने डायरीत चार ओळी लिहायच्या : ड्रॉइंगवर माप किती होते, प्रत्यक्षात किती आले, कोणत्या टप्प्यावर लक्षात आले आणि कारण काय वाटते. हे नियमबाह्य आहे असे कोणी म्हणाले, तर त्यांना अभ्यासक्रमाची पुस्तिका दाखवा. अंतर्गत मूल्यमापन करताना संघभावना, भंगार कमी ठेवणे, वागणूक, नियमितपणा, सुरक्षेचे भान आणि स्वतःहून शिकण्याची वृत्ती विचारात घ्यावी, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. पुराव्यांच्या यादीत रोजची डायरी आणि हजेरी दोन्ही आहेत. अंतर्गत मूल्यमापनात उत्तीर्ण व्हायला प्रात्यक्षिकाप्रमाणेच ६० टक्के गुण लागतात, म्हणजे हा भाग काही लिंबूटिंबू नाही. हे रकाने वर्षाखेरीस एका बैठकीत, एकाच पेनाने कसे भरले जातात, हे निदेशक मंडळींना मी वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट पाळी सोपवण्याची. दर आठवड्याला एका मुलाला शॉपचा सुपरवायझर नेमा. हत्यारे देणे-घेणे, यंत्रांची अवस्था पाहणे आणि दिवस संपताना नोंदवहीत लिहून ठेवणे हे त्याचे काम. सुरुवातीला तो “ड्रिलिंग मशीन खराब” एवढेच लिहील. ते खोडून टाकू नका. दुसऱ्या दिवशी ज्याच्या वाट्याला ते मशीन येईल त्याला ती नोंद मोठ्याने वाचायला लावा आणि यावरून तुला काय कळले, असे विचारा. काहीच कळत नाही, हे त्या दोघांना तुम्ही न सांगता उमगते. काही आठवड्यांत त्याच वहीत “दोन नंबरच्या ड्रिलिंग मशीनचा चक चावीने आवळूनही घसरतो, १० मिलिमीटरचे ड्रिल आत फिरते, ११ वाजता सरांना सांगितले, मशीन बंद करून कार्ड लावले आहे” अशी नोंद येऊ लागते. ज्या मुलाला असे लिहिता येते, त्याला कंपनीतील पाळीचे रजिस्टर वेगळे शिकवावे लागत नाही.

सकाळी काम सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटे सगळ्यांना उभ्याउभ्या एकत्र घ्या आणि त्या आठवड्याच्या सुपरवायझरला तीनच गोष्टी बोलायला सांगा : काल काय झाले, आज काय करायचे आहे, अडचण कोणती. अनेक कारखान्यांत पाळीच्या आरंभी अशीच बैठक होते. पहिल्या दिवशी मुलगा जमिनीकडे बघत बोलेल, इतर हसतील. हसणाऱ्यालाच पुढच्या आठवड्यात उभे करा.

ईएसच्या शिक्षकांना हीच नोंदवही द्या. संवाद कौशल्याच्या धड्यात छापील उदाहरणाऐवजी आपल्याच शॉपमधली नोंद फळ्यावर आली, की मुले सरसावून बसतात. तसेच दर वर्षी जे १५० तासांचे प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण किंवा ते न मिळाल्यास गट प्रकल्प बंधनकारक आहे, त्याला सहलीचे रूप येऊ देऊ नका. कंपनीतील संबंधित व्यक्तीकडून शेवटी नुसते “चांगला मुलगा आहे” असे प्रमाणपत्र घेण्याऐवजी, तो वेळेवर कळवतो का आणि न समजल्यास विचारतो का, या दोनच प्रश्नांची लेखी उत्तरे मागा.

एक गोष्ट थोडी अवघड आहे, पण लिहितो. ग्राइंडरवर निदेशकच गॉगल न लावता टूलला धार लावत असतील, किंवा स्वतःची रजा शिपायाकरवी तोंडी कळवत असतील, तर वरचे सगळे वाया जाते. मुले आपल्या सूचना विसरतात; आपले वागणे मात्र त्यांच्या बारीक लक्षात राहते.

प्रश्न : आमची खाजगी आयटीआय आहे. निम्मी मुले खेड्यांतून एसटीने येतात आणि रोज दहा-पंधरा जण उशिरा पोहोचतात. वेळेची सवय लागावी म्हणून आम्ही उशिरा येणाऱ्यांना दंड सुरू केला, तर पालकांनी विरोध केला. बाहेरच्या जगात उशीर चालत नाही, हे मुलांना कळायला नको का? — प्राचार्य, नांदेड जिल्हा

उत्तर : कळायला हवे, पण दंडाने ते कळत नाही. दंड भरला की उशीर फिटला, असा त्याचा सरळ अर्थ मुले लावतात. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो निवांत चहा पिऊन येतो आणि ज्याच्याकडे नाहीत तो त्या दिवशी येतच नाही. पालकांची बाजू मला पटते.

उशिराचे दोन प्रकार वेगळे करा. एसटी आली नाही, हा मुलाचा दोष नाही. तो त्याने कळवला नाही, हा आहे. कारखान्याची पहिली पाळी सकाळी सहाला किंवा सातला सुरू होते, कंपनीची बस ठरलेल्या थांब्यावर कोणासाठी थांबत नाही, आणि लाइनवरचा माणूस आला नाही तर सुपरवायझरला त्याच्या जागी दुसरा उभा करावा लागतो. दहा मिनिटे आधी निरोप मिळाला तर ही सोय होते. पाळी सुरू झाल्यावर कळले तर लाइन अडते. त्यामुळे “बस आलेली नाही, पुढच्या बसने ९.४० पर्यंत पोहोचतो, माझा जॉब कपाटात खालच्या खणात आहे” असा निरोप वर्ग सुरू होण्यापूर्वी आला, तर त्या दिवशीच्या उशिराला शेरा नको. निरोप न देता आलेल्या मुलाशी मात्र त्याच दिवशी, एकट्याला बाजूला घेऊन बोला. हे निरोप प्राचार्यांच्या फोनवर घेऊ नका. प्रशिक्षणार्थींपैकी एकाकडे रजिस्टर द्या, म्हणजे निरोप देणारा आणि घेणारा दोघेही शिकतात.

एकाच मार्गावरची इतकी मुले रोज उशिरा येत असतील, तर प्रश्न सवयीचा नसून वेळापत्रकाचा आहे. मुलांची यादी आणि गावांची नावे जोडून आगार व्यवस्थापकांना संस्थेच्या पत्रावर विनंती करा. ते पत्र मुलांनाच लिहायला लावा आणि सही तुम्ही करा.

प्रश्न : माझा मुलगा आयटीआयमध्ये वीजतंत्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काम उत्तम करतो. गल्लीतल्या मोटारी, पंखे तोच दुरुस्त करतो. पण फार बुजरा आहे आणि इंग्रजी बोलता येत नाही म्हणून मुलाखतीला जायलाच तयार नाही. शहरातील स्पोकन इंग्लिशच्या क्लासला घालावे म्हणतो. फी बरीच आहे. आम्ही शेतकरी आहोत. योग्य सल्ला द्यावा. — एक पालक, सांगली जिल्हा

उत्तर : एवढी फी आत्ताच भरू नका, असे मी सुचवेन. तुमच्या मुलाला पहिल्या नोकरीत इंग्रजीत गप्पा मारायच्या नाहीत. त्याला मोटारीची पाटी वाचायची आहे, वायरिंगचा नकाशा वाचायचा आहे, कामाचा परवाना समजून सही करायची आहे आणि झालेले काम दोन ओळींत लिहायचे आहे. शॉप फ्लोअरवर बोलणे बहुधा मराठी-हिंदीच्या मिश्रणात चालते आणि त्यातले तांत्रिक शब्द, म्हणजे ट्रिप, ओव्हरलोड, अर्थिंग, त्याला आधीच येतात.

त्याची तयारी तुमच्या विहिरीवर होऊ शकते. पंपाच्या मोटारीवर एक पाटी असते. ती त्याला पुसून घ्यायला सांगा आणि तुम्ही शेजारी उभे राहून विचारा, की यावर काय काय लिहिले आहे. ५ एचपी म्हणजे साधारण ३.७ किलोवॅट, दाब ४१५ व्होल्ट, करंट किती अँपिअर, फेरे मिनिटाला किती, जोडणी स्टार की डेल्टा, आणि यांतला एकेक आकडा कशासाठी असतो, हे त्याने तुम्हाला मराठीत समजावून द्यावे. तुम्ही मध्येच अडवून शंका काढा; शेतकऱ्याला मोटारीविषयी शंकांचा तोटा नसतो. मग तेच त्याने हिंदीत सांगावे आणि शेवटी मोडक्यातोडक्या का होईना, इंग्रजीत. मुलाखत घेणारा तांत्रिक माणूस साधारण याच धर्तीचे प्रश्न विचारतो. वडिलांना पटेल असे समजावता आले, तर तिथे तोंड उघडायला फारसे जड जात नाही.

बुजरेपणाविषयी एक गोष्ट गंभीरपणे घ्यायला हवी. वीजतंत्र्याच्या कामात न समजता मान हलवणे जिवावर बेतू शकते. म्हणून त्याला एकच सवय लावा : कोणी काम सांगितले की ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचे. “म्हणजे आधी मेन बंद करून त्यावर टॅग लावायचा, सप्लाय नाही याची टेस्टरने खात्री करायची आणि मगच टर्मिनल बॉक्स उघडायचा, बरोबर?” यात लाजण्यासारखे काही नाही; अनुभवी सुपरवायझरला असे विचारणारा मुलगा आवडतो. घरातही काम सांगताना तुम्ही त्याच्याकडून ते परत वदवून घ्या. आयटीआयमधील निदेशकांना भेटून त्याला शॉपमध्ये पुढाकाराचे एखादे काम देण्याची विनंतीही करा. इंग्रजीचा क्लास पुढे, स्वतःच्या विद्यावेतनातून लावावासा वाटला, तर त्याने जरूर लावावा.

प्रश्न : मी मशिनिस्ट ट्रेड उत्तीर्ण झाले असून एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार आहे. तीन महिने मला फक्त पॅकिंगला आणि लेबल लावायला ठेवले आहे. माझ्याबरोबरची मुले मशीनवर आहेत. लाइन लीडरना विचारले तर ते म्हणाले, मुलींना मशीनवर जमत नाही. ते नको ते बोलतातही. आयटीआयमधील सरांना फोन केला, तर ते म्हणाले, वर्ष आहे, नमते घे, पुढच्या मुलींना जागा मिळायला हव्यात. मी काय करावे? — एक प्रशिक्षणार्थी, पुणे जिल्हा

उत्तर : तुमच्या सरांचा सल्ला मला मान्य नाही. आज्ञाधारकपणा म्हणजेच व्यावसायिक वागणूक, अशी एक समजूत आपल्या संस्थांमध्ये घट्ट बसली आहे. नीट शब्दांत, योग्य माणसापाशी, वेळेवर हरकत नोंदवता येणे हेसुद्धा कामाचेच कौशल्य आहे आणि ते मुलामुलींना संस्थेतून बाहेर पडण्यापूर्वी शिकवायला हवे होते. पुढच्या मुलींना अशा जागा मिळून तरी काय साधणार, जर त्यांनाही लेबलेच लावावी लागणार असतील?

तुमच्या पत्रात दोन वेगळ्या बाबी आहेत. त्या एकत्र करू नका. पहिली बाब प्रशिक्षणाची. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ नुसार तुमच्या ट्रेडचे प्रशिक्षण देणे, त्यासाठी पात्र माणूस नेमणे आणि प्रगतीची नोंद ठेवणे ही आस्थापनेची जबाबदारी आहे. याच कायद्याने शिकाऊ उमेदवाराला कामगार न मानता प्रशिक्षणार्थी मानले आहे. त्याला नगावर मोबदला देता येत नाही आणि शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या (या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय जादा वेळ थांबवता येत नाही. दुसऱ्या बाजूने, मन लावून शिकणे, नियमित हजर राहणे आणि वरिष्ठांच्या कायदेशीर सूचना पाळणे ही तुमचीही बंधने आहेत. त्यामुळे पॅकिंगला नकार देऊन घरी बसू नका.

लाइन लीडरशी पुन्हा वाद न घालता प्रशिक्षण प्रमुखांना किंवा एचआरला ई-मेल पाठवा. मजकूर साधारण असा असावा : “मी अमुक तारखेला मशिनिस्ट ट्रेडची शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू झाले. आतापर्यंत पॅकिंग व लेबलिंग विभागात काम केले आहे. माझ्या ट्रेडच्या अभ्यासक्रमातील मिलिंगचे व ग्राइंडिंगचे काम अद्याप सुरू झालेले नाही. ते कोणत्या तारखेपासून व कोणाच्या देखरेखीखाली सुरू होईल, हे कृपया कळवावे.” यात कोणाची तक्रार नाही, रडगाणे नाही, फक्त तारीख मागितली आहे, आणि तारीख मागणाऱ्या पत्राला गोलमाल उत्तर देणे अवघड जाते. रोज कोणते काम केले, हे वहीत लिहीत राहा. आठवडाभरात उत्तर आले नाही तर एकदा आठवण द्या आणि त्यानंतर पत्रव्यवहाराची प्रत घेऊन बीटीआरआय केंद्राकडे, म्हणजे शिकाऊ उमेदवारीचे काम पाहणाऱ्या सरकारी केंद्राकडे, जा. करारावरून उद्भवलेला वाद शिकाऊ उमेदवारी सल्लागारापुढे नेण्याची तरतूद कायद्यात आहे.

दुसरी बाब लाइन लीडरच्या बोलण्याची. ते बोलणे लैंगिक स्वरूपाचे असेल, तर त्याला २०१३ चा कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा कायदा लागू होतो आणि प्रशिक्षणार्थी व शिकाऊ उमेदवार महिला त्यात स्पष्टपणे येतात. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते; नसेल तर जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार लेखी आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते, म्हणून तारीख, वेळ, शब्द आणि तिथे कोण होते, हे आजच लिहून ठेवा. लिहायला अडचण आली तर समितीने मदत करायची असते.

तुमच्या सरांसाठीही एक सूचना आहे. मुली जिथे जाणार आहेत त्या कारखान्यात संस्थेच्या माणसाने आधी जाऊन यावे. कोणत्या विभागात किती आठवडे, स्वच्छतागृह कुठे, दुसऱ्या पाळीनंतर वाहन कोणते आणि समितीच्या सदस्यांची नावे कुठे लावली आहेत, एवढे पाहून यावे. रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात त्यांनी स्वतःहून फोन करावा. मुलीचा फोन येण्याची वाट पाहू नये.

प्रश्न : तंत्रनिकेतनात शेवटच्या वर्षाला गट प्रकल्प असतो. चार जणांच्या गटात एक जण सगळे करतो, उरलेले नावापुरते असतात आणि गुण जवळजवळ सारखे पडतात. वेगळे गुण दिले तर भांडणे होतात. यातून संघभावना कशी शिकवावी? — अधिव्याख्याता, नाशिक

उत्तर : गट एकदा केला की थेट सादरीकरणाच्या दिवशीच त्याच्याकडे पाहायचे, अशी रीत असेल तर वेगळे काही घडणार नाही. शिवाय तयार प्रकल्प विकणारी दुकाने तुमच्याही शहरात असतील. तिथून चार जणांनी वर्गणी काढून प्रकल्प आणला, तर संघभावना वर्गणीपुरतीच.

दर आठवड्याला गटाने एक पान द्यावे : कोणी काय करायचे ठरवले होते, कोणाचे झाले, कोणाचे राहिले आणि राहिलेल्याचे आता काय करणार. पान लिहिणारा दर वेळी वेगळा असावा. तोंडी परीक्षेत प्रत्येकाला दुसऱ्याने केलेल्या भागावर प्रश्न विचारा; सर्किट ज्याने जोडले त्याला प्रोग्रामविषयी आणि प्रोग्राम ज्याने लिहिला त्याला सुट्या भागांच्या खर्चाविषयी. हे आरंभीच सांगितलेले असले, की एकमेकांना समजावून सांगणे त्यांना भागच पडते. गुण वेगळे देण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, पण त्याला आठवड्याच्या पानांचा आधार हवा. पाने नसतील तर भांडणाऱ्या मुलांचे म्हणणेच बरोबर ठरते.

जो मुलगा सगळे एकटा करतो त्याचे कौतुक जरा आवरते घ्या. दुसऱ्याला काम देऊन ते पूर्ण करून घेणे त्याला जमत नाही, आणि पुढे कनिष्ठ अभियंता झाल्यावर त्याला नेमके तेच करावे लागणार आहे. त्याला गटप्रमुख करा आणि सोल्डरिंग आयर्नला हात लावायची बंदी घाला.

प्रश्न : बायोडाटा कसा लिहावा? सायबर कॅफेतून काढलेला आहे, पण भरती मेळाव्यात कोणी नीट वाचतच नाही. — प्रशिक्षणार्थी, टर्नर ट्रेड, जालना

उत्तर : तो वाचला जात नाही, कारण त्या कॅफेतून निघालेल्या सगळ्या बायोडाट्यांत वरचा परिच्छेद एकच असतो. ध्येय म्हणून दिलेली ती इंग्रजी वाक्ये, छंद म्हणून क्रिकेट आणि “वरील माहिती खरी आहे” हे सगळे काढून टाका. एका पानात नाव, गाव, चालू असलेला फोन नंबर, शिक्षण आणि त्यानंतर तुम्ही प्रत्यक्ष केलेली कामे लिहा : लेथवर टेपर टर्निंग, आतले व बाहेरचे आटे, नर्लिंग, फोर-जॉ चकमध्ये जॉब सेंटर करणे. मोजमापाची साधने लिहा, आणि व्हर्निअरने ०.०२ व मायक्रोमीटरने ०.०१ मिलिमीटरपर्यंतचे माप तुम्हाला खरोखर घेता येत असेल तरच लिहा, कारण समोरचा माणूस खिशातून मायक्रोमीटर काढू शकतो. सुट्टीत गॅरेजमध्ये किंवा रसवंतीवर काम केले असेल तर तेही लिहा. पैशांचा हिशोब आणि गिऱ्हाईक सांभाळलेला मुलगा कंपनीला हवा असतो. निदेशकांची परवानगी घेऊन तुम्ही केलेला एखादा चांगला जॉब आणि त्याचे ड्रॉइंग बरोबर न्या, आणि संधी मिळताच दोन्ही टेबलावर ठेवा.